पाहिलेल्याला पुन्हा दाखवताना

घरात बसून दोन चित्रपट शेजारी-शेजारी ठेवून पाहणे, एक मूळ आणि दुसरा त्याचा रिमेक, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही नवे आहे हे चटकन ध्यानात येत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या यवतसारख्या गावात ज्या घरावर डिशची छत्री आहे आणि ज्या घरातल्या दोघा-तिघांच्या हातात फोन आहे, तिथे टीव्हीवर ‘धडक’ लागला तर ‘सैराट’मधला तोच प्रसंग लगेच फोनवर काढून पाहता येतो. ताटे उचलायच्या आत निकालही लागतो: मूळच भारी. हा निकाल पुष्कळदा खराही असतो. पण तो कशाच्या जोरावर दिला हे विचारले, तर उत्तर ‘पहिल्यात मजा होती’ एवढ्यावर थांबते. पुढच्या लेखांत एकेक जोडी घेऊन ती सविस्तर पाहिली आहे. त्याआधी, या घरबसल्या पाहण्याने रिमेक नावाच्या गोष्टीचेच काय होऊन बसले आहे, ते सांगायला हवे. माझे म्हणणे असे की, रिमेकचा धंदा उभा राहिला तो न पाहिलेल्या प्रेक्षकाच्या भरवशावर. घरच्या पडद्याने तो प्रेक्षक संपवत आणला आहे. आता समोर बसलेला माणूस गोष्ट आधीच जाणतो, आणि जाणत्या माणसापुढे गोष्ट पुन्हा कशी मांडायची याची विद्या आपल्या मुलखात फार जुनी आहे. रिमेक करणाऱ्याने ती उचलावी, आणि पाहणाऱ्याने त्याच मापाने रिमेक मोजावा.

ही विद्या शोधायला लांब जायला नको. यवतहून सोलापूरच्या अंगाला निघाले की चौफुला लागतो. संगीतबारीची थिएटरे ही त्या चौकाची ओळख आहे, आणि लावणीचा शौकीन तिथे नवी गोष्ट ऐकायला जात नाही. लावणी त्याला तोंडपाठ असते. आज ती कोणत्या अदेने येते, कुठल्या शब्दावर थांबते, हे त्याला पाहायचे असते. ढोलकी-फडाच्या तमाशातला वग असाच. गावच्या जत्रेत ‘गाढवाचं लग्न’ उभे राहिले तेव्हा पुढे काय होणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही माहीत असे. तरी लोक पहाटेपर्यंत बसत, कारण सोंगाड्या त्या गावाचे पाणी, त्या गावाचा पाटील, त्या सालचा पाऊस त्याच गोष्टीत कसा ओवतो यावर सगळा खेळ होता. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले आणि दादा कोंडक्यांच्या तोंडी ते प्रयोगागणिक बदलत राहिले. तेच नाटक पुन्हा-पुन्हा पाहणारे लोक त्या बदलासाठीच तिकीट काढत. यवतच्या जवळच्या डोंगरावरच्या भुलेश्वराच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेले आहेत. ते कोरणाऱ्यानेही पाहणाऱ्याला कथा ठाऊक आहे हे धरूनच छिन्नी चालवली. तिथे कोणी ‘पुढे काय झाले’ विचारत नाही. ‘इथे कसे दाखवले’ एवढेच पाहतो.

रिमेकची बाजू घेणारे नेमका याच परंपरेचा हवाला देतात. रामायण किती जणांनी सांगितले, मग सिनेमाने एक गोष्ट दोनदा सांगितली तर बिघडले काय, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला अर्धाच पटतो. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा श्रोत्याला ते माहीत आहे हे त्याला माहीत असते, आणि त्याची सगळी मेहनत त्या माहितीच्या वर काही देण्यात जाते. रिमेकवाल्याचा हिशोब बरोबर उलटा राहिला आहे. एका भाषेत चाललेली गोष्ट दुसऱ्या भाषेच्या लोकांनी पाहिलेली नाही, ती पाहण्याची सोयही त्यांना नाही, म्हणून तिचे हक्क घ्या आणि पुन्हा बनवा. पहिल्याची उमेद श्रोत्याच्या जाणतेपणावर, दुसऱ्याची त्याच्या अजाणतेपणावर. दोन्हींना एकाच माळेत ओवणे म्हणजे कीर्तनकारावर अन्याय आहे.

जुन्या काळी हा हिशोब अगदी उघड आणि निर्मळ होता. प्रभात कंपनी एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित करी. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ असा झाला, १९३९ चे ‘माणूस’ आणि ‘आदमी’ असे झाले. मराठी प्रत मराठी मुलखासाठी, हिंदी प्रत बाकीच्या देशासाठी. दोन्ही पाहून ताडून बघणारा प्रेक्षक कोणाच्या गणतीत नव्हता. आज तो आहे, आणि त्याने १९४१ चे ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ एकापाठोपाठ पाहावेत असे मी आग्रहाने म्हणेन. एका गावातले दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला आलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. मराठीत केशवराव दाते पाटील आहेत आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत मिर्झा जागीरदारच आहेत, पण दात्यांच्या जागी मझहर खान आले. म्हणजे हिंदीत हिंदू म्हातारा मुसलमान नटाने केला आणि मुसलमान म्हातारा हिंदू नटाने. गोष्टीत एक ओळही न बदलता हिंदी प्रतीला एक जादा अर्थ मिळाला, आणि तो त्या सालच्या देशाला हवा होता. फाळणी सहा वर्षांवर येऊन ठेपली होती. त्या काळी थिएटरात एकच प्रत पाहणाऱ्याला ही गंमत कशी कळावी? दोन्ही प्रती हाताशी असल्याशिवाय ती दिसतच नाही.

‘मूळच भारी’ या निकालाला सर्वांत मोठे उत्तर मात्र मराठी माणसाच्या घरातच आहे, आणि तो ते दर दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर पाहतो. ‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनाखालचा हा चित्रपट आपल्याला इतका आपला वाटतो की तो रिमेक आहे हे सांगितले तर ऐकणारा आधी चिडतो. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा, आणि त्याच्याही मागे ‘जय माँ काली बोर्डिंग’ हा १९५५ चा बंगाली चित्रपट आहे. म्हणजे बनवाबनवी ही तिसरी पिढी. हिंदीत मुंबईत घर शोधणारे मित्र आहेत, जोडप्यांशिवाय घर देणार नाही असा मालकाचा हट्ट आहे, आणि त्यापायी दोघांना साडी नेसावी लागते. हाडे सगळी तिथलीच. मग मांस कुठून आले? माझ्या मते तीन ठिकाणांहून. पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ज्याचा कान लोकनाट्यात तयार झाला होता अशा माणसाचे. बतावणीत जसा एक शब्द दुसऱ्याला धक्का देत पुढे जातो तशी या चित्रपटातली बोलणी धावतात, आणि म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. दुसरे, पुरुषाने लुगडे नेसून रंगमंचावर येणे हे मराठी प्रेक्षकाला कधीच परके नव्हते. संगीत नाटकाने आणि तमाशातल्या नाच्याने त्याची नजर तयार केली होती, त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरतात तेव्हा हसू येते ते वेषाला नव्हे, तो वेष किती जिवावर उदार होऊन सांभाळला आहे त्याला येते. तिसरे, त्या घरमालकिणीचे नाव. नयनतारांनी रंगवलेल्या त्या बाई लीलाबाई काळभोर आहेत. यवतहून पुण्याकडे जाताना लोणी काळभोर लागते. या रस्त्यावरच्या माणसाला काळभोर म्हटले की कुठल्या मातीतले, किती जमिनीचे, कुठल्या बोलीचे घराणे असेल, याचा अंदाज येतो. पुण्यात बंगला बाळगून असलेली, भोळी पण कडक विधवा बाई एवढे वर्णन एका आडनावात बसले. मुंबईचे घर पुण्यात आणताना मालकिणीचे आडनावही पुण्याच्या भोवतालचे आणायचे, हे ज्याला सुचले त्याला रिमेकचे मर्म कळले होते. पुढे त्याच गोष्टीवर तेलुगू, कन्नड आणि पंजाबी चित्रपट निघाले, पण तो विषय पुढच्या लेखाचा.

तेव्हा बनवाबनवीच्या प्रेक्षकाला हिंदी मूळ मिळवणे अवघड होते. महेश कोठाऱ्यांचा ‘धूमधडाका’ १९८५ चा. त्याचे मूळ १९६४ चा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ आणि मधली पायरी १९६६ चा हिंदी ‘प्यार किये जा’. यवतच्या माणसाने तो तमिळ चित्रपट तेव्हा कुठे पाहावा? जत्रेतला तंबू, तालुक्याचे थिएटर, दूरदर्शनवरचा आठवड्याचा चित्रपट, आणि पुढे रात्रीच्या भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ, एवढीच साधने. व्हिडिओवाला रात्रीत तीन कॅसेट लावी, आणि त्यात कोणत्या याव्यात हे त्याच्या दुकानावर ठरे. मग केबल आली, डिश आली, दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत डब होऊन दिवसभर लागू लागले. तरी निवड दुसऱ्याचीच होती. लागेल ते पाहायचे. ती निवड पाहणाऱ्याच्या हाती आली सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला तेव्हा. इथे तारखांचा एक योग मला फार बोलका वाटतो. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला, ‘धडक’ २० जुलै २०१८ ला. बरोबर मधल्या काळात प्रेक्षक बदलला. सैराट लोकांनी थिएटरात, गर्दीत, गाण्यांवर नाचत पाहिला; धडक आला तोवर उसाला पाणी द्यायला रात्रीच्या लाइटची वाट पाहत मोटरीपाशी बसलेल्या शेतकऱ्याच्या हातातही सिनेमा पोचला होता. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते; त्या रात्रपाळीत दारे मोडता-मोडता फोनवर तुकड्या-तुकड्याने पाहिलेला सिनेमा हे आता या पट्ट्यातले रोजचे दृश्य आहे. न पाहिलेला प्रेक्षक संपला म्हणतो तो असा.

म्हणून सैराट आणि धडक ही जोडी या विषयाचा कणा आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. यवतच्या जवळून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत जाते. सैराटचा करमाळा तालुका त्याच उजनीच्या काठाचा. ऊस, केळी, विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, कॉलेजचा कट्टा, पाटलाची सभा हे सगळे यवतच्या प्रेक्षकाला पडद्यावरचे वाटले नाही, बांधापलीकडचे वाटले. बोलीही पुढच्या तालुक्याचीच. करण जोहर यांच्या कंपनीने आणि दिग्दर्शक शशांक खेतान यांनी गोष्ट उदयपूरला नेली. नेणे हा गुन्हा नव्हता. बनवाबनवीनेही घर मुंबईतून पुण्यात नेलेच होते. पण सबनीसांनी जिथे लीलाबाई काळभोर शोधल्या तिथे धडकने काय शोधले? राजस्थानात जात कमी आहे असे थोडेच आहे. तिथल्या हवेलीची, तिथल्या शेतीची, तिथल्या पाणवठ्याची स्वतःची उतरंड आहे. ती शोधली असती तर सैराटच्या तोडीचा, कदाचित वेगळ्याच धगीचा चित्रपट निघाला असता. नागराज मंजुळ्यांच्या चित्रपटात पाटलाचा पोरगा वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांच्या कानाखाली वाजवतो आणि बाप त्याचे कौतुक करतो, तेव्हा जात हा शब्द न उच्चारता सगळे सांगून होते. नायक परशाचे घर मासे धरणाऱ्यांचे आहे, पाटलाची मुलगी आर्ची ट्रॅक्टर घेऊन त्या दारात येते, आणि त्या दोन घरांमधले अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, आईच्या चेहऱ्यावरच्या भीतीत दिसते. धडकमध्ये मुलाच्या बापाचे छोटे हॉटेल आहे, मुलीचा बाप मोठा हॉटेलवाला आणि राजकारणी. उच्च जातीचा उल्लेख ओझरता येऊन जातो आणि बाकी गोष्ट श्रीमंत-गरिबावर रेलते. गाणी घेतली, ‘झिंगाट’ घेतले, संगीतकार अजय-अतुलच घेतले. बी मात्र मागेच राहिले.

दोन्ही चित्रपटांतला शेवटचा प्रसंग तर घरच्या पडद्यावर लागोपाठ पाहावा. सैराटमध्ये माहेरची माणसे हैदराबादच्या त्या छोट्या घरात भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते, पोर शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. ते परत येते तेव्हा आई-बाप रक्तात पडलेले आहेत. पडद्यावर आवाज नाही. पोर रडत बाहेर जाते आणि लाद्यांवर इवलीशी रक्ताची पावले उमटत जातात. थिएटरात ती शांतता भिंतींत कोंडलेली होती. घरात ती तशी राहत नाही. आवाज गेला की काय म्हणून एकाचा हात रिमोटकडे जातो, आणि मग लक्षात येते की आवाज गेलेला नाही. तेवढ्यात पंख्याची घरघर, ओट्यावरच्या भांड्याचा खणखणाट, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्या शांततेत शिरतो. जे घडले ते चहाच्या आधणाशेजारी घडले, आणि पाहणारा माणूसही त्याच अंतरावर बसलेला आहे. मोठ्या पडद्याने हा प्रसंग मोठा केला होता. घरच्या पडद्याने तो घरात आणला. धडकमध्ये मुलगी भावाच्या पाहुणचारासाठी काही आणायला खाली जाते आणि परतताना नवरा आणि मूल वरून फेकलेले तिच्या डोळ्यांसमोर पडतात. धक्का मोठा आहे, हे कबूल. पण मागे कोण उरले यावर सगळे अवलंबून असते. सैराटने पोराला मागे ठेवले. ते कोणत्या जातीचे, कोणाकडे जाणार, मोठे होऊन काय विचारणार, हे ओझे पाहणाऱ्याच्या अंगावर येते. धडकने मुलीला मागे ठेवले आणि ओझे एका बाईच्या दुःखाचे झाले. दुःख मोठे असले तरी ते तिच्यापाशीच राहते. इतके बारकाईने पाहिले की ‘मूळच भारी’ हा निकाल बदलत नाही, पण त्याला कारण मिळते, आणि कारण मिळाले की तोच निकाल बनवाबनवीला का लागू पडत नाही हेही सांगता येते.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा. पाहिलेल्या प्रेक्षकामुळे रिमेकचा जुना हिशोब मोडला म्हणता, मग ‘दृश्यम २’चे काय? मोहनलालचा मल्याळम चित्रपट फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट घरोघरच्या पडद्यावर आला. तरी अजय देवगणचा हिंदी रिमेक नोव्हेंबर २०२२ मध्ये थिएटरात जोरात चालला. आक्षेप वजनदार आहे. पण त्याच्या शेजारी ‘शहजादा’ ठेवून पाहा. ‘अला वैकुंठपुरमुलू’ हा तेलुगू चित्रपट २०२० चा. तो हिंदीत डब होऊन टीव्हीवर लागला आणि त्यानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्याचा हिंदी रिमेक आला. तो पडला. दोन्हींत फरक भाषेचा आहे. मल्याळम चित्रपट घरात होता, पण खालची इंग्रजी पट्टी वाचत पाहावा लागे. ती वाचणारा नातू आजीला मोठ्याने अर्थ सांगत बसला तर सांगणाऱ्याचा आणि ऐकणारीचा, दोघांचाही सिनेमा अर्धा होतो. डब झालेला तेलुगू चित्रपट आजीनेच आधी पाहिलेला असतो. म्हणजे चित्रपट घरात असणे आणि पाहिलेला असणे यात अजून एक उंबरठा आहे, आणि माझ्या विधानाला मी तेवढी मुरड घालतो. त्यातही दृश्यमचे मूळ कथानक पाहा: २०१३ च्या मल्याळम चित्रपटातला नायक केबल चालवणारा, शाळा अर्धवट सोडलेला माणूस, रात्र-रात्र सिनेमे पाहून त्याने जे डोक्यात साठवले त्याच्या बळावर तो पोलिसांना पुरून उरतो. निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने २०१५ साली तो हिंदीत आणताना गोव्यात आणला आणि नायकाला साळगावकर केले. कामतांना हे काम नवे नव्हते. आपलाच ‘डोंबिवली फास्ट’ त्यांनी २००७ मध्ये तमिळमध्ये पुन्हा केला होता. सिनेमे पाहून शहाणा झालेल्या अल्पशिक्षित माणसाची गोष्ट तमिळ, तेलुगू, कन्नड, हिंदी, सिंहली आणि चिनी एवढ्या भाषांत फिरली. ज्या प्रेक्षकाला निर्माते अजाण समजत आले त्याच्यावरचा हा चित्रपट जगभर जावा, हे मला मोलाचे वाटते.

दुसरा आक्षेप थिएटरप्रेमींचा, आणि त्यातला राग मला समजतो. सिनेमा अंधारात, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून पाहायची गोष्ट आहे. घरात दार वाजते, कुकर होतो, पोर रडते, फोन येतो, आणि अर्ध्या तासाने ‘कुठवर आलो होतो’ म्हणून पुन्हा सुरू होते. अशा पाहण्यावरून निकाल देणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याने गायकाचे मूल्यमापन करण्यासारखे. मान्य. भव्यता, गर्दीचा श्वास, एकत्र हसणे घरात मिळत नाही, आणि जो चित्रपट फक्त त्यावर उभा आहे त्याचे घरात नुकसान होते. पण थिएटराचा दरवाजा सगळ्यांना सारखा उघडा कधी होता? चौफुल्याच्या बारीला बाईमाणूस प्रेक्षक म्हणून बसत नाही. तंबूतला रात्रीचा खेळ, तालुक्याहून शेवटच्या एसटीने परतणे, हे गावातल्या किती बायकांच्या वाट्याला आले? म्हणून व्ही. शांताराम यांचा १९७२ चा ‘पिंजरा’ आज घरात लागतो तेव्हा तो निराळाच चित्रपट होतो. तमाशाच्या फडाभोवती फिरणारी ती गोष्ट आता सासू आणि सून मिळून पाहतात, आणि संध्याबाईंच्या चंद्रकलेबद्दल त्यांचे मत, थिएटरात शिट्टी मारणाऱ्याच्या मतापेक्षा फार वेगळे असते. तिचे काय चुकले, असा प्रश्न तिथे निघू शकतो.

पिंजराचे मूळ जर्मन आहे. हाइनरिश मानच्या १९०५ च्या कादंबरीवर योसेफ फॉन स्टर्नबर्गने १९३० साली ‘द ब्लू एंजल’ काढला. शाळेतला करारी प्राध्यापक कॅबरेतल्या गायिकेच्या नादी लागतो आणि धुळीला मिळतो. त्याच्या गावातल्याच लोकांसमोर त्याला विदूषकाच्या वेषात कोंबड्यासारखे आरवायला लावतात. शेवटी तो रात्री आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबल घट्ट धरून मरतो. मराठीत अनंत माने आणि शंकर पाटील यांनी या हाडांवर जे चढवले ते पाहण्यासारखे आहे. डॉ. श्रीराम लागूंचे गुरुजीही घसरतात, फडातले हरकामे होतात. पण गावाला वाटते गुरुजींचा खून झाला, आणि गाव त्यांचा पुतळा उभारते. शेवटी गुरुजींवर खटला चालतो तो गुरुजींच्याच खुनाचा, आणि पुतळ्याची इभ्रत राखण्यासाठी ते तोंड उघडत नाहीत. जर्मन प्राध्यापकाची लाज त्याच्या एकट्याची होती. मराठी गुरुजींच्या मागे आख्खे गाव आहे, ज्याला चांगला मास्तर हवा आहे, खरा असो वा दगडाचा. गावाने शहाणपणासाठी एका माणसावर टाकलेला भार हा जो विषय पिंजरात आला, तो ब्लू एंजलमध्ये नाही. ज्याने फक्त एकच पाहिला त्याला तो सुचणारही नाही. मूळ आणि रिमेक एकमेकांना उजळतात म्हणतात ते असे, आणि इथे रिमेक मुळापेक्षा कमी नाही, असे मी स्वच्छ म्हणतो.

कोणी म्हणेल, एवढी चिरफाड केली तर पाहण्यातले सुख उरते कुठे? उरते, उलट वाढते. चंद्रभागेच्या वाटेवर तोच अभंग हजारदा म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही की सुख उरले का. अडचण आहे ती दुसरीच. आपण जे आधी पाहिले तेच मनाने मूळ धरून बसतो. बनवाबनवी लहानपणी पाहिलेला माणूस ‘बीवी और मकान’ला नक्कल म्हणून हसतो, आणि त्यात त्याचे काही चुकते आहे असे त्याला वाटतही नाही. म्हणून क्रम कधी उलटा करावा, रिमेक आधी आणि मूळ मागून पाहावे. मराठी ‘वेड’ आधी पाहणाऱ्याने त्याचे तेलुगू मूळ ‘मजिली’ नंतर पाहावे, आणि शेजारच्याने उलट करावे. दोघांचे मत जिथे जुळेल ते बहुधा चित्रपटाचे असेल, जिथे फिसकटेल ते आठवणीचे. श्रेय न देता उचललेल्या गोष्टींचा प्रश्न याहून वेगळा आहे. ज्याची गोष्ट त्याचे नाव पडद्यावर हवे, त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत, यात तडजोड नाही. घरबसल्या तुलना करणाऱ्यांमुळे अशी उचल आता लपत नाही, हा या पाहण्याचा मोठाच उपकार आहे. पण उचललेली गोष्टही नव्या मातीत रुजली की नाही हा प्रश्न त्यानंतर शिल्लक राहतोच.

आणि शेवटी मूळ कोणते हे तरी आपल्याला दर वेळी कुठे ठाऊक असते? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, आणि १९१७ साली तीच गोष्ट त्यांनी स्वतः पुन्हा चित्रित केली. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने हरिश्चंद्राची जी काही रिळे जपली, ती पहिल्या चित्रपटाची आहेत असे आपण शाळेपासून ऐकत आलो; काही अभ्यासकांचे मत असे की ती दुसऱ्याची, म्हणजे रिमेकची आहेत. तो तुकडा आज फोनवर दिसतो. हौदात राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळत आहेत, सगळे लुगडी नेसलेले पुरुष, ओल्या पदरांनी एकमेकांवर पाणी उडवत, आणि राजा त्यांना शोधत काठाशी येतो.